जातांना काय नेऊं नये

प्रवासास निघणाऱ्या माणसाला काय न्यावें हें सांगणारीं दहा माणसें प्रत्येक घरांत असतात. काय नेऊं नये हें सांगणारें एकहि नसतें. आमच्या घरींहि हीच रीति. कोणी परगांवीं निघालें कीं लाडवांचे डबे, लोणच्याची बरणी, सुंठीची व ओव्याची पुरचुंडी आणि शेवटच्या क्षणीं 'असूं द्या, लागेल कोठें तरी' म्हणून कोंबलेली एक चादर, एवढें सामान त्याच्या मागें लागतेंच. आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलें. वार्षिक सहलीच्या सूचनापत्रांत 'आणावयाच्या वस्तू' असा मथळा दर साल लिहिला; 'न आणावयाच्या वस्तू' असा एकदांहि लिहिला नाहीं. हा दुसरा मथळाच कधीं कधीं अधिक महत्त्वाचा असतो, हें वयाच्या पासष्टाव्या वर्षीं आम्हांला आमच्या पुतण्यानें शिकविलें. ज्यांचीं मुलें-नातवंडें आज परदेशांत आहेत अशा घरांना ही हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

हा पुतण्या, आमच्या कैलासवासी वडील बंधूंचा एकुलता एक मुलगा, कॅलिफोर्नियांत संगणकाच्या धंद्यांत नोकरीस आहे. २०२३ सालच्या ऑगस्टांत तो पंधरा दिवसांच्या रजेवर पुण्यास आला होता. परत जाण्याच्या दोन दिवस आधीं जेवतांना तो म्हणाला, "काका, महिनाअखेर मी नेव्हाडाच्या वाळवंटांत आठ दिवस राहणार आहें. तेथें 'बर्निंग मॅन' म्हणून कलेचा मोठा उत्सव भरतो."

'जळता माणूस' हा त्या नांवाचा अर्थ कळतांच वहिनींचा हात ताटांतच थांबला. त्यांची समजूत घालण्यासाठीं त्यानें जो इतिहास सांगितला तो थोडक्यांत असा: १९८६ सालीं लॅरी हार्वे व जेरी जेम्स या दोघा मित्रांनीं सॅन फ्रान्सिस्को येथील बेकर बीच नांवाच्या किनाऱ्यावर, वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवशीं, सुमारें आठ फूट उंचीचा लाकडी पुतळा उभारून जाळला. हा खेळ दरवर्षीं होऊं लागला व पाहणारे वाढत गेले. १९९० सालीं किनाऱ्यावरील पोलिसांनीं जाळण्यास मनाई केली, तेव्हां ती मंडळी तो पुतळा घेऊन नेव्हाडा संस्थानांतील ब्लॅक रॉक वाळवंटांत गेली. तेव्हांपासून ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभीं तेथें तंबूंचें एक नगर वसतें. महामारीमुळें २०२० व २०२१ या दोन सालीं तें वसलें नाहीं. एरवीं अलीकडच्या वर्षांत त्याची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास असते. नगराचे रस्ते घड्याळाच्या तबकडीप्रमाणें आंखलेले असतात. 'अमक्याचा तंबू साडेसातच्या रस्त्यावर' असा तेथील पत्ता! भोंवतीं मोठमोठीं शिल्पें, लाकडी मंदिरें, चाकांवर फिरणारे चमत्कारिक आकार. आणि आठवडा संपला कीं सर्व उकलून, जाळून वा गाडींत भरून नाहींसें होतें.

या उत्सवांत मद्य, विक्षिप्त वेष आणि कांहीं ठिकाणीं नग्नताहि आढळते, हें वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हींहि पुतण्याला त्याविषयीं स्पष्ट विचारलें व त्यानेंहि स्पष्ट उत्तर दिलें. परंतु ज्या गोष्टीनें आमचें कुतूहल जागें झालें ती निराळी. या नगरांत बर्फाखेरीज कांहींहि विकत मिळत नाहीं, आणि सत्तर हजारांच्या या वस्तींत केर टाकण्यास एकहि सार्वजनिक पेटी नाहीं. जो जें नेईल तें त्यानेंच परत आणावयाचें. मग यादी करतांना माणसाची वृत्ति पालटल्याशिवाय कशी राहील?

या कडक नियमाचें कारण त्या भूमींतच आहे. हिमयुगांत तेथें लाहोंटन नांवाचें विस्तीर्ण सरोवर होतें. तें आटून त्याचा तळ तेवढा उरला. समुद्रसपाटीपासून सुमारें ३९०० फूट उंचीवर, मैलोगणती सपाट, पांढुरका, गवताची काडीहि न उगवणारा असा हा तळ आहे. तेथील लोक त्यास 'प्लाया' म्हणतात. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ किनारा. आपल्या शेतांत पान पडलें तर पावसाळ्यांत कुजून मातीस मिळतें. तेथें कुजविणारी ओल नाहीं, कीं झांकणारें गवत नाहीं. पडलेली वस्तु एक तर वाऱ्यानें दूर उडते, नाहीं तर धुळीखालीं जाऊन पुढच्या वर्षीं वर येते. धूळ खारट, पापडखारासारखी. अनवाणी चालल्यास टाचा फुटतात, आणि मग पाय सौम्य शिरक्याच्या पाण्यानें धुवावे लागतात. दिवसा उष्मा ३८ अंशांपर्यंत चढतो, रात्रीं १० अंशांखालीं उतरतो. मधूनच असें धुळीचें वादळ उठतें कीं स्वतःचा हात दिसत नाहीं.

त्या रात्रीं पुतण्यानें आपल्या यंत्राच्या पडद्यावर उत्सवाच्या चालकांची सूचनापत्रिका आमच्यापुढें ठेवली. पिसें व पिसांचे हार आणूं नयेत. चमकी, सुट्या टिकल्या, कागदाचे कापटे आणूं नयेत. थर्माकोल आणूं नये. गवत, पेंढा, जिवंत रोपें आणूं नयेत. फटाके, बंदुका, हातांत धरावयाचे लेसर आणूं नयेत. कुत्रीं आणूं नयेत. कांचेचीं भांडीं शक्यतों टाळावीं. जमीन सरकारी असून केंद्रीय कायद्याखालीं असल्यामुळें, नेव्हाडांत ज्यास मोकळीक आहे त्या गांजालाहि तेथें बंदी.

बंदुका व फटाके समजण्यासारखे आहेत. पण पिसानें कोणाचें काय बिघडतें? त्याचें उत्तर आम्हांला शाळेंतल्या अनुभवावरून सुचलें. स्नेहसंमेलन झालें कीं शाळेचा शिपाई मोठीं टेबलें तासाभरांत उचलून नेई. परंतु मुलींच्या नाचांतील चमकी पुढच्या संमेलनापर्यंत फटींतून निघत राही. केर म्हणजे मोठी वस्तु नव्हे. जी तुटते, गळते, उडते ती वस्तु. पिसाचा तंतु सुटतो, टिकलीचा दोरा उसवतो, थर्माकोलचे दाणे होतात. जें अधिक सणासुदीचें दिसतें तेंच बहुधा अधिक गळतें, हा या यादीचा मर्म आहे.

दुसऱ्या दिवशीं सामानाची छाननी झाली. वहिनींनीं मुलासाठीं आवडीनें घेतलेलें, टिकल्यांचें काम केलेलें एक जाकीट होतें. तें झटकून पाहिलें तों सतरंजीवर सात टिकल्या पडल्या. जाकीट कपाटांत गेलें. लोणच्याची कांचेची बरणी गेली. तिच्या जागीं मेतकूट व कोरडी चटणी घट्ट झांकणाच्या डब्यांत आली. सालासकट भाजलेल्या शेंगा होत्या त्या सोलून घेतल्या, कारण टरफल म्हणजे वाऱ्याच्या हवालीं केलेला केर. बेसनाचे लाडू राहिले. वहिनींनीं देवापुढच्या अक्षतांची पुडी दिली तेव्हां तो म्हणाला, "आई, ही मी माझ्या घरच्या देवापाशीं ठेवतों, तेथें नेत नाहीं." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. चूक केवळ आमच्याच घराची होती असेंहि नाहीं. बर्फ ठेवण्यासाठीं आपण स्वतः तिकडे थर्माकोलची पेटी घेऊन ठेवली आहे, हें आठवून त्यानें कपाळावर हात मारला.

शेवटीं एक वस्तु उरली. आणि खरें सांगावयाचें तर हा लेख त्या वस्तूसाठीं आहे.

आमचे वडील बंधु २०२१ च्या एप्रिलांत महामारींत वारले. मुलगा साता समुद्रांपलीकडे. येण्याचे मार्ग बंद. अग्नि आम्हीं दिला, दहाव्यापासून तेराव्यापर्यंतचीं कृत्यें आम्हींच केलीं, आणि त्यानें तीं दूरध्वनीच्या चार बोटें रुंद पडद्यावर पाहिलीं. शास्त्राप्रमाणें कांहीं उणें राहिलें नाहीं. तरी दोन वर्षांनीं घरीं आल्यावर तो वडिलांच्या खोलींत गेला कीं दार लोटून घेई व लवकर बाहेर येत नसे. आम्ही संस्कृत शिकलेले. विधि पूर्ण झाला म्हणजे कर्तव्य संपलें असें आम्ही मानीत होतों. त्या बंद दारापुढें आमचें तें मत ढिलें पडलें.

त्या वाळवंटी नगरांत २००० सालापासून एक मंदिर उभारण्यांत येतें. पहिलें डेव्हिड बेस्ट या शिल्पकारानें आपल्या एका मृत मित्राच्या स्मरणार्थ उभारलें. त्यांत कोणतीहि देवता नसते. आठवडाभर लोक तेथें येतात, गेलेल्या माणसांचीं नांवें भिंतींवर लिहितात, पत्रें व छायाचित्रें ठेवतात. मोठा पुतळा जळतो तेव्हां गर्दींत ढोल व आरोळ्या असतात. मंदिर शेवटच्या रात्रीं जळतें तेव्हां हजारों माणसें गप्प बसलेलीं असतात. पुतण्या जाणार होता तो यासाठीं. हें त्यानें आम्हांला जेवतांना सांगितलें नव्हतें. रात्रीं गच्चीवर सांगितलें.

वहिनींना हें कळलें तेव्हां त्यांनीं खणांतून बंधूंचा चष्मा काढून आणला. "त्यांच्या अंगावरचें एवढेंच उरलें आहे. हा ठेव."

आम्हीं चष्मा हातांत घेतला. जाड कांच, धातूच्या काड्या. न जळणारी वस्तु मंदिरांत ठेवूं नये हा तेथील दंडक आम्हीं आदल्या रात्रींच वाचला होता. मंदिराची राख झाली कीं माणसें ती चाळून खिळे, तारा, कांचा वेंचून काढतात. "वहिनी, हा जळणार नाहीं. कोणा अनोळखी माणसाला राखेंतून उचलावा लागेल," आम्हीं म्हटलें. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीनें आमच्या आवाजांत जो नियमाचा कोरडेपणा आला आहे तो त्या वेळीं आम्हांलाच बोंचला.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यादी तुमची. माणूस माझा होता."

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें पुतण्याच म्हणाला, "आई, चष्मा तुझ्यापाशीं असूं दे. मला बाबांची हिशेबाची वही दे." बंधूंना रोजचा खर्च लिहिण्याची संवय होती, दूध, भाजी, वर्तमानपत्र, पै-पैसुद्धां. शेवटच्या वहींतलीं मागचीं पानें कोरीं राहिलीं होतीं. त्यांतलें एक त्यानें पट्टी लावून नीट कापलें, आणि रात्रीं बसून त्यावर वडिलांना मराठींत पत्र लिहिलें. काय लिहिलें तें आम्हीं विचारलें नाहीं. कागद उडूं नये म्हणून मंदिराच्या लांकडांतील खांचेंत घट्ट बसेल अशी त्याची घडी कशी घालावी, एवढेंच आम्ही दोघांनीं मिळून ठरविलें.

निघतांना वहिनींनीं त्याच्या हातांत बंधूंची पितळी सुपारीची डबी ठेवली. त्या पत्रिकेंतील एक सूचना त्यांच्या ध्यानांत राहिली होती: प्रत्येकानें खिशांत एक झांकणाची डबी बाळगावी, आणि विडीचें थोटूक, दोऱ्याचा तुकडा, जें काय जमिनीवर दिसेल तें तींत टाकावें. "ही जाळावयाची नाहीं," त्या म्हणाल्या. "परत आण."

पुढें जें घडलें तें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलें असेल. १ सप्टेंबर २०२३ रोजीं त्या वाळवंटांत पाऊस लागला. इंचभराहूनहि कमी, आपल्याकडे त्यास कोणी पाऊस म्हणणार नाहीं. परंतु तेथील दोन-तीन महिन्यांचा पाऊस एका दिवसांत झाला, आणि त्या सरोवराच्या तळाची भिजलेल्या कणकेसारखी चिकट माती झाली. चाक फिरेना, सायकल चालेना. जोड्यांस मातीचे गोळे चिकटून पाऊल उचलेना. येण्याजाण्याचा मार्ग बंद झाला. सत्तर हजारांवर माणसें अडकलीं व चालकांनीं अन्न, पाणी, इंधन जपून वापरण्यास सांगितलें. येथें आमच्या घरीं शनिवारपासून कोणाचें जेवणांत लक्ष नव्हतें. सोमवारीं कोणा शेजाऱ्याच्या दूरध्वनीवरून एक ओळ आली: 'सुखरूप आहें. पाणी पुरेसें आहे.'

पाणी पुरेसें होतें, कारण तेथील हिशेब त्यानें पाळला होता: माणशीं रोज दीड गॅलन, म्हणजे सुमारें पावणेसहा लिटर. आठ दिवसांचें पंचेचाळीस लिटर होतें; त्यावर दोन दिवसांचें अधिक. नको त्या वस्तू वगळल्या म्हणून गाडींत त्या जादा पाण्यास जागा झाली. हा न नेण्याचा दुसरा लाभ. यादी करतांना तो आमच्या ध्यानांत आला नव्हता. शेजारच्या तंबूंतील दोन तरुणांनीं गालिचे, खुर्च्या व दिव्यांच्या माळा आणल्या होत्या, पाणी मात्र मोजून आणलें होतें. त्यांना यानें पाणी दिलें, आणि बेसनाचे लाडूहि.

सोमवारीं ४ सप्टेंबरला दुपारीं मार्ग मोकळा झाला. त्या रात्रीं पुतळा व दुसऱ्या रात्रीं मंदिर जाळण्यांत आलें. पुष्कळ लोक निघून गेले होते, पुतण्या थांबला. गुरुवारीं सकाळीं त्याचा दूरध्वनि आला तेव्हां वहिनींनीं एवढेंच विचारलें, "कागद जळला?" तो म्हणाला, "जळला, आई." मग बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोललें नाहीं, आणि आम्ही उठून बाहेर गेलों.

सर्वच लोक नियम पाळतात असें नाहीं. त्या वर्षीं कांहीं जण सायकली, ओले गालिचे, तुटके तंबू चिखलांत टाकून निघून गेले. मागें राहून सफाई करणारी एक तुकडी असते. हातभर अंतरानें रांग धरून ती सारी नगरभूमि पायांखालीं घालते. कोठें किती केर सांपडला याचा हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांचा नकाशा दरवर्षीं प्रसिद्ध होतो. ज्या तंबूच्या जागीं तांबडा रंग, त्याच्या मंडळींस पुढच्या वर्षीं जागा मागतांना जाब द्यावा लागतो. ही निकालपत्रकाची पद्धति आमच्यासारख्या मास्तराला मनापासून आवडली. त्यावर सरकारी भूमिखात्याची तपासणी होते. एकरामागें सरासरी एक चौरस फुटाहून अधिक केर असूं नये, असा तिचा दंडक. आतां, माग न ठेवण्याचा हा बाणा मोटारींच्या व विमानांच्या धुरास लागू पडत नाहीं, हा आक्षेपहि खराच आहे. हजारों माणसें दुरून तेल जाळीत तेथें येतात, त्याची राख कोणी वेंचीत नाहीं. ही उणीव मान्य करूनहि त्या यादीचें मोल कमी होत नाहीं.

ज्या वाचकांचीं मुलें अशा ठिकाणीं जाणार असतील त्यांनीं एवढें करावें. सामान भरण्यापूर्वीं प्रत्येक वस्तु सतरंजीवर झटकून पाहावी. जें गळेल तें घरीं ठेवावें. दुकानांतील खोके, वेष्टनें, पिशव्या घरींच काढाव्या. शिजवून पाणी टाकावें लागेल असें अन्न देऊं नये, कारण भांड्याचें खरकटें पाणीहि तेथें जमिनीवर ओततां येत नाहीं. दशम्या, लाडू, भडंग हीं आपलीं जुनीं प्रवासी खाणीं याच जातीचीं आहेत. धुळीसाठीं डोळ्यांवर घट्ट चष्मा व नाकास फडकें, रात्रीसाठीं दिवा व गरम कपडा, पायांत बंद जोडा, आणि गरजेहून दोन दिवसांचें पाणी अधिक, हें मात्र विसरूं नये. पतंजलींनीं अपरिग्रहाची गणना यमांत केली आहे. तो आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत समजावून सांगितला. पण न घेणें हें उपकाराचेंहि कृत्य असूं शकतें, मागून येणाऱ्या कोणाला तरी तेवढें कमी वांकावें लागतें, हें आम्हीं वर्गांत कधीं सांगितलें नव्हतें.

२०२४ च्या दिवाळींत पुतण्या आला तेव्हां त्यानें ती पितळी डबी आईच्या हातांत दिली. उघडली तों आंत पांढरी धूळ, दोन वांकडे खिळे, सुतळीचा तुकडा आणि एक टिकली. ती कोणाची, देव जाणे. आमच्या जाकिटाची नव्हती एवढें खरें. वहिनींनीं डबी चिंचेनें घासली, कोरडी केली आणि खणांत चष्म्याशेजारीं ठेवून दिली.